उंची शिकवता येत नाही, पण स्केटिंग?

आइस हॉकीच्या एनएचएल या लीगमधले संघ ड्राफ्टमध्ये नव्या पोरांची फेरीफेरीने निवड करतात. त्यातल्या सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत सव्वासहा फुटी ओबडधोबड पोरगा उचलणं म्हणजे पिक (निवडीची संधी) वाया घालवणं, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटतं. त्या फेरीतले बहुतेक जण एनएचएलमध्ये एकही सामना खेळत नाहीत, मग ते उंच असोत की बुटके. वाया जायचंच आहे तर निदान लॉटरीचं तिकीट तरी घ्या.

डस्टिन बफलिनचंच बघा. २००३, आठवी फेरी, २४५वा क्रमांक (तेव्हा नऊ फेऱ्या असत, २००५ पासून सात). वजनावरून कायम बोलणी खाणारा डिफेन्समन (बचावपटू). शिकागोने त्याला फॉरवर्ड (आक्रमक खेळाडू) म्हणून खेळवलं आणि २०१०च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, पठ्ठ्याने गोलकीपरसमोर ठाण मांडून ११ गोल ठोकले! स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, शिकागोचं. त्याच उन्हाळ्यात, ड्राफ्टमधून सहज न मिळणारा हा माल लीगच्या पगारमर्यादेपायी दुसऱ्या संघाला द्यावा लागला, ते वेगळं दुखणं.

उंचच उंच डिफेन्समन झ्डेनो चाराचं उदाहरण मात्र इथे नको. तो १९९६ला तिसऱ्या फेरीत, ५६वा गेला. त्याला उशिराचा म्हणणं जरा ओढूनताणून होतं. गंमत म्हणजे हे दोन्ही धिप्पाड गडी ज्युनियर हॉकीत एकाच संघात, कॅनडातल्या प्रिन्स जॉर्जमध्ये, वेगवेगळ्या काळात खेळलेत.

माझी अट एकच: पोरगा मागे सरकताना वळतो कसा ते बघा. वळताना तीन पावलं घेत असेल तर सोडून द्या. हात (स्टिकवरचा ताबा) कच्चे असले तरी चालतील.