मदत हवी आहे: डार्कनेस स्पेलमध्ये नक्की कोणाला काय दिसतं? (डीअँडडी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा भूमिका-खेळ, पाचवी आवृत्ती)

फासेपारध:
२०१४ च्या प्लेअर्स हँडबुकवर आमचं कॅम्पेन (सलग चालणारी खेळकथा) चालू आहे, मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. पार्टीतला (खेळाडूंच्या गटातला) वॉरलॉक, म्हणजे एक जादूगार, खड्यावर डार्कनेस हा काळोखाचा गोळा पसरवणारा स्पेल कास्ट करून पुढे घुसतो. त्याला डेव्हिल्स साइट असल्यामुळे काळोखातलं सगळं दिसतं, बाकी कोणालाच दिसत नाही. मग प्रत्येक राउंडला वाद. दोघंही एकमेकांना दिसत नसतील तर हल्ला डिसअ‍ॅडव्हांटेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरून) करायचा का? आतल्या माणसावर कुठले स्पेल चालतात? आणि काळोखाच्या पलीकडे मशाल घेऊन उभा असलेला तिरंदाज अलीकडून दिसतो का? या शेवटच्या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर पुस्तकात सापडत नाहीये.

काजळकोट:
पहिल्याचं उत्तर: सरळ एक डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा). समोरचा तुम्हाला दिसत नाही म्हणून डिसअ‍ॅडव्हांटेज, तुम्ही त्याला दिसत नाही म्हणून दोन फाशांतला जास्त आकडा, म्हणजे अ‍ॅडव्हांटेज. दोन्ही एकमेकांना खातात. एका बाजूला कितीही कारणं जमली तरी फरक पडत नाही, त्यामुळे एरवी डिसअ‍ॅडव्हांटेज असलेला लाँग रेंजवरचा बाणसुद्धा सरळ फाशावर जातो. विचित्र वाटतं, पण नियम तसाच आहे. रोगचा (चोरट्या पात्राचा) जास्त इजा करणारा स्नीक अटॅकही चालतो, फक्त लक्ष्यापासून ५ फुटांत त्याचा साथीदार हवा.

इथे बहुतेक टेबलांवर एक गफलत होते. न दिसणं म्हणजे लपणं नव्हे. हाइड अ‍ॅक्शन घेऊन स्टेल्थ (लपण्याचा फासा) जमली नसेल तर आवाजावरून जागा कळतेच, नकाशावरचा चौकोन अंदाजाने ओळखायची वेळ येत नाही.

मंत्रपेटी:
स्पेलसाठी प्रत्येकाचं वर्णन उघडून एकच गोष्ट शोधा: 'तुम्हाला दिसणारा' अशी अट आहे का? मॅजिक मिसाइल, होल्ड पर्सन, हीलिंग वर्ड यांना आहे, म्हणून आतल्या माणसावर चालत नाहीत. क्युअर वूंड्स स्पर्शाचा आहे, चालतो. फायरबॉलला फक्त एक बिंदू लागतो; त्याची त्रिज्या २० फूट, डार्कनेसची १५, म्हणजे मध्यावर टाकला की आतले सगळे सापडतात. काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल रोखणारा) आणि ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्यावरचा हल्ला) दोन्हींना समोरचा दिसावा लागतो. वॉरलॉकचा खरा फायदा तिथे आहे, आणि पार्टीतल्या हीलरचं नुकसानही.

काजळकोट:
तिरंदाजाबद्दल दोन अर्थ निघतात. साध्या अंधारातून पलीकडची मशाल दिसते. हेव्हिली ऑब्स्क्युअर्डचा (पूर्ण झाकोळलेल्या जागेच्या नियमाचा) दुरुस्त मजकूर 'त्या जागेतलं काही बघताना' एवढंच म्हणतो. (जुन्या छपाईत 'त्या जागेत असलेला' आंधळा ठरतो, तेव्हा टेबलावरची प्रत कुठली ते आधी बघा.) पण डार्कनेसच्या वर्णनात वेगळं वाक्य आहे: डार्कव्हिजनवाल्यालाही (अंधारात बघू शकणाऱ्यालाही) यातून आरपार दिसत नाही. डार्कव्हिजनवाल्याला दिसत नाही आणि साध्या डोळ्यांना पलीकडचं दिसतं, हे पटण्यासारखं नाही. म्हणून माझं मत ठाम आहे, गोळा अपारदर्शक धरा. तिरंदाज दिसत नाही, त्यालाही तुम्ही दिसत नाही. हा निर्णय सेशनच्या आधी सांगा आणि शत्रूच्या डार्कनेसलाही तोच लावा.

फासेपारध:
मनापासून आभार. अजून एक: खडा मुठीत झाकला तर? आणि आमच्या ड्रुइडचा (निसर्गजादू करणाऱ्या पात्राचा) फेअरी फायर हा उजेडाचा स्पेल दरवेळी विझतो, ते बरोबर आहे का?

मंत्रपेटी:
उगम अपारदर्शक वस्तूने पूर्ण झाकला की काळोख थांबतो; पुस्तकात वाडगा आणि शिरस्त्राण ही उदाहरणं आहेत. मुठीबद्दल काही लिहिलेलं नाही. झाकणाची डबी वापरायला सांगा: उघडणं किंवा मिटणं म्हणजे त्या टर्नचं एक फुकट ऑब्जेक्ट इंटरअ‍ॅक्शन, म्हणजे एकाच टर्नमध्ये उघडून हल्ला करून परत मिटता येत नाही.

फेअरी फायर विझतो ते बरोबर. दुसऱ्या किंवा खालच्या लेव्हलच्या स्पेलचा प्रकाश डार्कनेसला भिडला की तो स्पेल संपतो. ड्रुइडने तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट (कास्ट करताना खर्च होणारी ताकद) वापरला तर टिकेल. डेलाइट हा प्रकाशाचा स्पेल तिसऱ्याच लेव्हलचा, तो उलट डार्कनेस घालवतो. मात्र वॉरलॉकने चौथ्या लेव्हलच्या स्लॉटने कास्ट केला असेल तर नाही.