खिडक्या तेवढ्या बदलू नका
गावातल्या जुन्या शाळेचं संग्रहालय करताना लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवा, असं कुणीतरी सुचवलंय. कृपया नको!

एक उदाहरण बघा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत १९१२ ते १९३२ या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार 'रोझेनवाल्ड शाळा' उभ्या राहिल्या. उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीत गावकऱ्यांनी वर्गणी, लाकूड, अंगमेहनत घातली. आता त्यांतल्या काहींची डागडुजी तिथलेच माजी विद्यार्थी करताहेत. कुठे संग्रहालय, कुठे गावाचं सभागृह. तिथे बघण्यासारखी मुख्य वस्तू म्हणजे खिडकीच. वीज नव्हती, म्हणून पूर्वेला किंवा पश्चिमेला उंच खिडक्यांची सलग रांग, आणि बाकं अशी मांडायची की उजेड डावीकडून यावा, लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडू नये. (डावखुऱ्यांचा विचार तेव्हा कोण करतंय म्हणा.)

भिंतींचंही तेच. चुन्यातल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलात की ओल आत कोंडते आणि चार-दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळेपर्यंत भिंतीला हात लावू नका. तोवर कौलं मात्र चाळून घ्या, मेच्या आत.