सेकंडहँड रॅव्ह-फोर हायब्रिड की सीआर-व्ही हायब्रिड? घरात एकमत होईना

वळणवाट:
टोयोटाची रॅव्ह-फोर आणि होंडाची सीआर-व्ही, दोन्ही २०२३ च्या, दोन्ही हायब्रिड, चारही चाकांना ड्राइव्ह. इथवर येऊन अडकलोय. घरात पाच माणसं, आईचे गुडघे दुखतात. मायलेजचं सोडा, दोन्हींचं चांगलंच आहे. माझा कल रॅव्ह-फोरकडे, बायकोचा सीआर-व्हीकडे.

जुनागिअर:
रॅव्ह-फोरच घ्या, डोळे झाकून. तिचा ई-सीव्हीटी, म्हणजे इंजिन आणि मोटरचा जोर चाकांना देणारा गिअरबॉक्स, नुसता प्लॅनेटरी गिअर (एकाभोवती एक फिरणारी दातेरी चाकं). साध्या सीव्हीटीसारखा बेल्ट नाही, क्लच नाही, झिजणार काय त्यात? १९९७ ला प्रियस आली तेव्हापासून हीच सिस्टीम सुधारत आणलीय. मागच्या चाकांना वेगळी मोटर, म्हणजे पुढून मागच्या चाकांना जोर नेणाऱ्या लांब दांड्याची, प्रोपेलर शाफ्टची भानगडच नाही.

मागचीसीट:
डोळे झाकून गाडी घेतात का हो? बेल्ट तर सीआर-व्ही हायब्रिडमध्येही नाहीये, तिकडे बहुतेक वेळ मोटरच चाकं फिरवते आणि हायवेला स्पीड धरला की क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं, बस. आणि ती मागची मोटर जेमतेम ४० किलोवॅटची. चिखलाच्या चढावर सीआर-व्हीचा शाफ्ट निम्म्यापर्यंत जोर मागे देतो.

जुनागिअर:
ते रोज चिखलात जाणारेत का? ओल्या रस्त्यावर तेवढी मोटर पुरते. २०२४ मध्ये स्टिअरिंग अडकतं म्हणून होंडाने एकट्या अमेरिकेत जवळपास १७ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यात २०२३ ची सीआर-व्हीपण होती, ते का नाही सांगितलंत?

मागचीसीट:
मग याच पिढीच्या सुरुवातीच्या रॅव्ह-फोर हायब्रिडमध्ये मागच्या मोटरच्या केबलचा जोड बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गंजायचा, तेही सांगा. रिकॉलचं काम झालंय का ते चॅसी नंबरवरून कळतं. माझा मुद्दा आईंचा आहे. सीआर-व्हीचं मागचं दार जवळजवळ काटकोनात उघडतं. माझ्या वडिलांना दोन्हींत बसवून पाहिलं, रॅव्ह-फोरमध्ये आधी डोकं वाकवून मग हाताने पाय ओढून घ्यावा लागला, सीआर-व्हीत पाठमोरे सीटवर टेकले आणि दोन्ही पाय सावकाश आत फिरवले.

वळणवाट:
आई अगदी अशीच बसते, आधी टेकते मग पाय. तिला न नेताच दोन टेस्ट ड्राइव्ह केल्या मी. शनिवारी घेऊन जातो.

जुनागिअर:
न्या, पण मागे तिघांना बसवून चढावर ॲक्सिलरेटर दाबून बघा. इंजिन दोन्हींचं ओरडतं, कोणाचं आईंना सहन होतं ते विचारा. मी अजून रॅव्ह-फोरवरच आहे.