अनुभव धागा: गावातून परदेशी शिकायला जाताना कागद कुठं अडतात?

संयोजक
इकडे सोयाबीन निघतं तेव्हाच तिकडे अर्जांचा हंगाम लागतो. युरोपातल्या इरास्मस मुंडसचे (विद्यापीठांनी मिळून चालवलेले, शिष्यवृत्ती असलेले पदव्युत्तर) बहुतेक अभ्यासक्रम ऑक्टोबर ते जानेवारीत अर्ज घेतात. पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांत असलेल्या पोरापोरींसाठी हा धागा. आत्मकथा नको. काय लागतं, किती लागतं, कुठं अडतं, तेवढंच लिहा. एजंटांच्या जाहिराती काढून टाकू.

पऱ्हाटी
आधी पासपोर्ट, आणि पासपोर्टच्याही आधी नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आपलं आडनाव पहिलं येतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. परदेशी पोर्टल शेवटच्या शब्दाला आडनाव समजतं. 'राऊत पल्लवी गजानन' जसंच्या तसं टाकलं की प्रवेशपत्र येतं ते मिस गजानन यांच्या नावानं! पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात राऊत, नावाच्या रकान्यात पल्लवी गजानन, आणि आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा), अर्ज, बँक सगळीकडे हुबेहूब तसंच. स्पेलिंगही तपासा. दहावीला 'राऊत'मध्ये यू आणि पदवीला डबल ओ असेल, तर पदवीचं प्रमाणपत्र छापायच्या आत विद्यापीठात दुरुस्तीचा अर्ज द्या, नंतर लई चकरा होतात. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. त्याच्या भरवशावर बसू नका.

३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये. पैसा अडत नाही, पोलीस पडताळणी अडते. पत्ता गावचा आणि पोरगं नागपूरच्या होस्टेलवर, असं असलं की ठाण्यातून फोन येतो तेव्हा घरी कोणी सापडत नाही आणि अहवाल उलटा जातो. त्या पंधरवड्यात गावातच राहा.

कोरडवाहू
ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रिकांची झेरॉक्स नव्हे. सगळ्या सेमिस्टरचे विषय, गुण, क्रेडिट एकत्र, विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी. संलग्न कॉलेज ते देत नाही, विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून काढावं लागतं. एकदम पाच-सहा सीलबंद पाकिटं मागा आणि एक उघडी प्रत स्कॅनसाठी. सील फुटलं की ते पाकीट बाद. किमान उत्तीर्ण गुण किती ते त्यावर छापलंय का, तेही बघा. का ते खालचे सर सांगतील.

खरी गोची तारखांची आहे. जर्मनीच्या हिवाळी सत्राचे बरेच अर्ज १५ जुलैला बंद होतात, आणि आपला उन्हाळी परीक्षेचा निकाल कधी लागेल याचा नेम नाही. शेवटच्या सेमिस्टरशिवायचे गुण चालतात का हे त्या अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला एप्रिलमध्येच मेल करून विचारा. उत्तर येतं.

गणिताचे सर
जर्मनीत आपले टक्के चालत नाहीत, ग्रेड काढतात. सर्वाधिक गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला (सर्वाधिक वजा किमान उत्तीर्ण) याने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. ६८ टक्के आणि उत्तीर्णता ४० असेल तर ३२ भागिले ६० गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.६. लहान आकडा चांगला. बऱ्याच ठिकाणी २.५ ची अट असते, म्हणून अर्जाची फी भरायच्या आधी कागदावर मांडून पाहा. युनी-असिस्टकडून (विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी जर्मन संस्था) अर्ज असेल तर पहिल्याला ७५ युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०. शिवाय एपीएस प्रमाणपत्राचे (आपली शैक्षणिक कागदपत्रं जर्मनीसाठी तपासल्याचा दाखला) १८,००० रुपये वेगळे.

सेतूत बसणारा
अनुसूचित जातीसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती: ७५ जागा, जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मधली संस्था, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, पदव्युत्तरला वय ३५, पीएचडीला ४०. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जागांची. तीत विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांची मुलंही येतात. ६० टक्के, पहिल्या ५०० मधली संस्था. भूमिहीन शेतमजुराच्या घरी हे कोणी सांगतच नाही. ओबीसी आणि आदिवासी विभागांच्या योजना वेगळ्या आहेत.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला जुना होतो. जाहिरात मे-जूनमध्ये आली तर नवा काढा. बीए, बीएस्सीच्या पोरांकडे जातीचा दाखला असतो, पण पडताळणी नसते, कारण कोणी मागितलेली नसते. ती आत्ताच टाका. आणि केंद्राच्या योजनेला विनाअट प्रवेशपत्र लागतं. 'निकाल आल्यावर पक्कं' असं लिहिलेलं चालत नाही.

बँकेतला
वावर तारण ठेवतो म्हणून येतात. सहसा चालत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, कर्ज थकलं तर बँकेला ती त्या कायद्याने विकता येत नाही. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, चार लाखांच्या वर जामीनदार लागतो. त्यापुढे एनए प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी. गावठाणातल्या घराला नुसता नमुना आठ पुरत नाही. ड्रोन मोजणीनंतर मिळालेलं मालमत्ता पत्रक असेल तर घेऊन या, निदान बोलणी होतात.

कर्जमाफी होईल म्हणून वडिलांनी पीककर्ज थकवलं असेल तर सिबिलला ते दिसतं आणि सहअर्जदार म्हणून ते अडतात. अर्जाआधी नवं-जुनं करून घ्या, नाहीतर आई किंवा पगारदार काका सहअर्जदार.

पऱ्हाटी
@बँकेतला, जर्मनीच्या ब्लॉक खात्याचे (व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरोही कर्जात धरून घ्यायला सांगा. साधारण बारा लाख होतात. फी नाही म्हणून लोक हा आकडा विसरतात.

संत्राबाग
बीएस्सी ॲग्रीवाल्यांनो, हेतुपत्रात 'मी गरीब शेतकऱ्याचा मुलगा' या वाक्यानं सुरुवात नको. निवडणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. रावेत (गावात राहून करायच्या कृषी कार्यानुभवात) जे पाहिलं ते लिहा: किती एकरांवर गुलाबी बोंडअळी मोजली, कामगंध सापळे एकरी किती लावले, आठवड्याला किती पतंग पडले. किंवा वरूडकडे संत्र्याच्या झाडाला डिंक्या कुठल्या उंचीवर दिसला, आळ्यात पाणी साचत होतं का. तुमच्या वहीतले चार आकडे पानभर कळकळीला भारी.

इरास्मस मुंडसची पूर्ण शिष्यवृत्ती महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, शिक्षणशुल्क माफ. तिकीट, व्हिसा त्यातूनच. पण पैसे तिथं खातं उघडल्यावर येतात, तोवर खोलीची अनामत आणि महिनाभराचा खर्च पदरी हवा.

ठेचा
राजेहो, तारीख पाहता तशी वेळही पाहा. जानेवारीत मध्य युरोपातली रात्रीची ११:५९ म्हणजे आपली पहाटेची ४:२९. पण तोवर थांबता काऊन? त्याच रात्री लाईन जाते. घरून द्यायची इंग्रजीची परीक्षाही खेड्यातून देऊ नका. मधात नेट तुटलं की पेपर बाद होऊ शकते.

शिफारसपत्राचं सांगतो. पोर्टल थेट सरांना लिंक पाठवते आणि बरेच पोर्टल जीमेलचा पत्ता घेत नाहीत. कॉलेजच्या नावाचा ईमेल सरांकडे नसेल तर ऑफिसमधून आधी उघडून घ्या. लिंक स्पॅममध्ये पडते, म्हणून सरांच्या शेजारी बसून ती उघडा. अन् सरांना आपल्या प्रोजेक्टचे पाच मुद्दे कागदावर लिहून द्या, नाहीतर 'विद्यार्थी हुशार व होतकरू आहे' एवढंच जाते.

दुसऱ्या वर्षाची
एकाच सेमिस्टरसाठी जायचं असेल तर?

कोरडवाहू
ताई, तुमच्या विद्यापीठाचा किंवा स्वायत्त कॉलेजचा तिकडच्या संस्थेशी करार आहे का ते आधी बघा. असेल तर निघायच्या आधी कुठल्या विषयाचे क्रेडिट इथं कुठल्या विषयाला धरणार हे विभागप्रमुखांच्या सहीनिशी लेखी घ्या. तोंडी 'बघू'वर गेलात तर परत येऊन हिवाळी परीक्षेला तेच पेपर पुन्हा.