ईबी-१ए ग्रीन कार्ड : पेटीच्या साथीदाराची 'असाधारण क्षमता' कागदावर कशी दाखवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा नवरा शास्त्रीय गायनाला पेटीची साथ करतो. आम्ही सध्या न्यू जर्सीत आहोत. तो ओ-१बी वर (कलाकारांचा तात्पुरता व्हिसा), मी ओ-३ वर (त्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा), त्यामुळे मला नोकरी करता येत नाही. आता त्याचा ईबी-१ए चा, म्हणजे असाधारण क्षमतेच्या आधारावर ग्रीन कार्डचा, अर्ज करायचं चाललंय. त्यात कंपनी किंवा एजंट लागत नाही, त्याचा आय-१४० हा फॉर्म स्वतःच भरता येतो. पण पुराव्यांपाशी गाडी अडली आहे.

ओ-१बी ला कलाकाराचं नाव आहे, एवढं दाखवून भागलं होतं. इथे दहापैकी किमान तीन निकष लागतात. शिवाय अमेरिकी कोर्टाच्या २०१० च्या कझारियन खटल्यातल्या निकालापासून तीन निकष बसले तरी तेवढ्यावर काम होत नाही. अधिकारी सगळे कागद एकत्र बघून हा माणूस आपल्या क्षेत्रातल्या अगदी वरच्या मोजक्यांत बसतो का, ते ठरवतो.

आमचं अडतंय ते साथीमुळे. वर्तमानपत्रातल्या परीक्षणात सगळा मजकूर गायकावर, आणि शेवटी 'संवादिनीवर समर्पक साथ केली' एवढी एक ओळ. निकषाला मजकूर कलाकाराबद्दलच हवा. वकीलबाई म्हणतात, अशा कात्रणांना फार वजन नाही. मला ते मनापासून पटत नाही. गायकाची तान कुठे वळणार हे आधीच ओळखून बरोबर राहायचं, तो थांबला की तेवढीच जागा भरायची आणि कुठे हात आवरायचा हेही कळायला हवं. असे साथीदार किती असतात? मोठे गवई तारीख ठरवताना आधी त्याला फोन करतात. याहून मोठा पुरावा कोणता? पण तो फोन अर्जाला कसा जोडणार!

'महत्त्वाची भूमिका' हा निकष नामांकित संस्थेतल्या भूमिकेचा आहे, एखाद्या गायकासोबतच्या नव्हे. मग महोत्सवाच्या आयोजकांनी त्याचं काम नेमकं काय होतं ते तपशिलात लिहून दिलं तर चालतं का? तिकीटविक्री दाखवावी तर तिकिटं गायकाच्या नावावर खपतात. आकाशवाणी कलाकारांना देते ती 'ए' श्रेणी त्याला आहे, पण ती पुरस्काराच्या निकषात बसत नाही आणि सदस्यत्वाच्याही नाही. कुणी ती 'तुलनीय पुरावा' म्हणून, म्हणजे ठरलेल्या निकषात न बसणारा पण त्याच तोडीचा पुरावा म्हणून, लावली आहे का? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांना तो परीक्षक असतो, ते इतरांच्या कामाचं परीक्षण करण्याच्या निकषात धरतात का?

माझ्या मते खरी मेख क्षेत्र कसं मांडायचं यात आहे. 'हिंदुस्थानी संगीत' म्हटलं की तुलना थेट गायकांशी होणार. 'संवादिनीवादन' असं वेगळं मांडलं तर? संवादिनीवादक तुळशीदास बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, म्हणजे या वाद्याचं स्वतंत्र शिखर आहे हे दाखवता येईल. की अधिकाऱ्याला ते मुद्दाम अरुंद केल्यासारखं वाटेल?

अजून एक. मराठी कात्रणांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लागतं. ते मी केलं तर बायकोने केलं म्हणून शंका घेतात का, की बाहेरून करून घेऊ?

तबला, पेटी, सारंगी अशा साथीच्या कलाकारांपैकी कुणाचा अर्ज मंजूर झाला असेल तर कृपया लिहा. जादा पुरावे मागणारं पत्र आलं असेल तर ते कोणत्या मुद्द्यावर आलं, हे कळलं तर फार मदत होईल. गायकांकडून शिफारसपत्रं घ्यायची आहेत, त्याआधी हे समजलं तर त्यांना काय लिहायला सांगायचं ते ठरवता येईल.