मदत हवी आहे: हेम्प सीड ऑइलची लिस्टिंग नाकारली, रिपोर्टमध्ये टीएचसी ‘आढळले नाही’ असूनही

घाणा_पुणे
हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या, बियांच्या तेलाची ऑनलाइन लिस्टिंग दुसऱ्यांदा नाकारली. कारण दोनच शब्द, ‘मादक पदार्थ’. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना आहे, लॅबचा रिपोर्ट आहे, त्यात टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) ‘आढळले नाही’. नोव्हेंबर २०२१ पासून हे अन्न म्हणून मान्य आहे ना? मग आणखी कुठला कागद जोडू? ४०० बाटल्या भरून ठेवल्यात. कृपया लवकर सांगा.

सांजवात
बियांचं तेल की पानांचा अर्क? बाटली केवढी? लेबलवर काय छापलंय ते जसंच्या तसं लिहा. आणि रिपोर्टमध्ये एलओक्यू, म्हणजे लॅबला मोजता येणारं कमीत कमी प्रमाण, किती दिलाय?

रानवाट
या भानगडीत पडूच नका. अंबाडी लावा. तिलाही डेक्कन हेम्प म्हणतात, परवाना लागत नाही.

वैद्य_नाशिक
आयुषमधून, म्हणजे आयुर्वेदिक औषध म्हणून, जा. स्वतःचा कारखाना नको, दुसऱ्याच्या कारखान्यावर फॉर्म २५-ई चं लोन लायसन्स मिळतं. आयुर्वेदिक औषधाला किरकोळ विक्रीचा परवाना लागत नाही.

कलम_वीस
वैद्यबुवा, हा मार्ग पानांच्या अर्काचा. औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये (विषारी द्रव्यांच्या यादीत) भांग आहे, पण ‘बिया वगळून’. बियांचं तेल औषध म्हणून विकायचं तर औषधाचं सूत्र, ग्रंथातल्या पाठाचा आधार, सगळं नव्याने दाखवावं लागेल. त्यांना खाद्यतेल विकायचंय.

वैद्य_नाशिक
सीबीडीला (भांगेतलं नशा न आणणारं द्रव्य) गिऱ्हाईक आहे, नुसत्या तेलाला नाही. म्हणून सुचवलं.

घाणा_पुणे
बियांचंच, लाकडी घाण्याचं, २०० मिली. लेबलवर हिरवं पान आणि ‘विजया बीज तेल, सीबीडीयुक्त’. एलओक्यू ०.०१ टक्के. मर्यादा ०.३ टक्के, म्हणजे आपण कितीतरी खाली आहोत.

सांजवात
इथेच चुकलंय. ०.३ टक्के ही उत्तराखंडसारख्या राज्यांनी शेतातल्या पिकासाठी घातलेली मर्यादा. अन्नाची वेगळी: बियांत किलोला ५ मिलिग्रॅम, तेलात १०, पेयात ०.२. तुमचा ०.०१ टक्के एलओक्यू म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम. तेलात ६० असते तरी या रिपोर्टवर ‘आढळले नाही’ असंच छापून आलं असतं. त्याने काहीच सिद्ध होत नाही.

नवा नमुना द्या. एलओक्यू किलोला १ मिलिग्रॅम किंवा त्याखाली हवा, हे आधी लेखी मागा. तपासणीची पद्धत एचपीएलसी असेल तर टीएचसीए (टीएचसीचं मूळ आम्ल रूप) वेगळं दिसतं, त्याला ०.८७७ ने गुणून टीएचसीत मिळवायचं. जीसी या दुसऱ्या पद्धतीत उष्णतेने त्याचं आपोआप टीएचसी होतं, तिथे पुन्हा मिळवलंत तर आकडा फुगेल.

कलम_वीस
लेबलही बदला. बी सोडून झाडाच्या कुठल्याही भागाचं चित्र चालत नाही, सीबीडीबद्दल दावा चालत नाही, नशा सुचवणारं काहीही नको. ‘विजया’ काढा, ते भांगेचं औषधी नाव आहे. अन्नात सीबीडीची मर्यादा किलोला ७५ मिलिग्रॅम. २०० मिली तेल साधारण १८४ ग्रॅम, म्हणजे बाटलीत जेमतेम १४ मिलिग्रॅम. ‘सीबीडीयुक्त’ म्हणण्यासारखं त्यात काय आहे?

मुंबईकर_ऑस्टिन
अमेरिकेतही नोव्हेंबर २०२५ मध्ये हेम्पची व्याख्या बदलली. नव्या व्याख्येत एकूण टीएचसी धरतात आणि तयार मालाच्या एका डब्यात मर्यादा ०.४ मिलिग्रॅम. लागू व्हायला तेव्हापासून वर्षाची मुदत दिली होती.

घाणा_पुणे
अमेरिकेचं नंतर बघू. नव्या रिपोर्टमध्ये १० च्या वर आलं तर? तेल पुन्हा गाळून चालेल?

सांजवात
नाही. टीएचसी मेदात विरघळतं, गाळण्याने निघत नाही. मुळात ते बीच्या आत नसतंच म्हटलं तरी चालेल. कापणी-मळणीत फुलोऱ्याचा चिकट राळ टरफलाला लागतो, तोच घाण्यात तेलात उतरतो. बिया घाण्यात घालण्याआधी पंख्याखाली उफणा, चाळा, फुलोऱ्याचे तुकडे एकूण एक काढा. सोललेली बी घेतलीत तर आकडा आणखी उतरतो.

कलम_वीस
त्या तुकड्यांची कायद्यानेही भीती आहे. एनडीपीएस (अमली पदार्थ कायदा) कलम २(iii) मध्ये गांजा म्हणजे फुलोरा. बिया आणि पानं त्यातून वगळलीत, पण फुलोरा सोबत नसेल तरच. म्हणून ज्याच्याकडून बी घेता त्याच्या लागवड परवान्याची प्रत आणि लॉट क्रमांकासह बिल प्रत्येक खेपेला ठेवा. आहे का तुमच्याकडे?

घाणा_पुणे
बिल आहे. परवान्याची प्रत मागितली नव्हती, आजच मागतो. लॉट क्रमांक बिलावर नाही, पोत्यावर होता.

सांजवात
पोती ठेवलीत का?