रानात एकटं असताना जीवावर बेतलं आणि वाचलात? इथं लिहा

मराठवाड्यात कुठलं आलंय जंगल असं बाहेरचे लोक म्हणतात, पण गौताळ्याच्या दऱ्या, किनवटचं सागाचं रान, बालाघाटचे डोंगर आपल्याकडंच आहेत. आणि जंगल नसलं तरी रात्री शेतातल्या आखाड्यावरून हाक मारली तर ऐकायला कोण असतं? प्रसंग आला तेव्हा पहिल्या तासात नेमकं काय केलं तेवढं तरी लिहाच, पुढच्याच्या कामी येईल.

माझ्यापासून सुरुवात करतो. अंतूर किल्ल्याच्या बाजूला पावसाळ्यात घसरलो, खाली नाल्यात दगडावर पाय आपटला आणि नडगीचं हाड मोडलं. मोबाईलला रेंज नाही. दोन काठ्या लावून पाय उपरण्यानं बांधला, हलणार नाही एवढाच, जास्त आवळला नाही. ओरडून घसा बसला तेव्हा स्टीलची बाटली दगडावर ठोकायला लागलो, तीन ठोके, थांबायचं, परत तीन. दुपार कलल्यावर एक गुराखी मामा आले, म्हणाले, "गुराची घंटी अशी मोजून वाजत न्हाई, म्हनलं माणूसच असंल." गावातून बाज आणून तिच्यावर टाकून नेलं मला. त्या मामांचे उपकार मरेपर्यंत विसरणार नाही.

वसमतहून:
आमच्याकडं शेतातली लाईट रात्रीची, मालक आजारी, म्हणून हळदीला पाणी द्यायला मी एकटीच होते. बांधावर कुकरच्या शिट्टीगत आवाज आला आणि तेवढ्यात पायाला चावलंच. बॅटरी मारली तर घोणस. आधी पैंजण आणि जोडवी काढली कारण पाय सुजला की ती रुततात, एक जोडवं निघता निघंना, साबण लावून काढलं. दोरी आवळली नाही, ब्लेड लावलं नाही. दिराला फोन केला आणि पाय न हलवता बाजेवर पडून राहिले, ते येईपर्यंत, काय सांगू भाऊ, लेकरांची तोंडं डोळ्यापुढं यायली होती. गाडीवर दोघांच्या मधी बसवून नेलं, वाटेत कुणी म्हणालं आधी देवाला न्या, दिरानी गाडी थांबवली नाही. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवलं, ते गोठलंच नाही, हिरड्यातून पण रक्त यायलं होतं, मग लगेच सलाईनमधून सापाचं इंजेक्शन चालू केलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांनाही हे एकच इंजेक्शन चालतं, त्यामुळं साप मारून पिशवीत घालून न्यायच्या नादात वेळ घालवू नका.

परंड्याकडून:
२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा मी गोठ्यावर एकटाच. पहिलं काम, विळ्यानं जनावरांची दावी कापली, गाठी सोडत बसायला वेळच नव्हता. मग पत्र्यावर, तिथंही पाणी यायला लागलं तसा लिंबावर चढलो आणि उपरण्यानं स्वतःला फांदीला बांधून घेतलं, झोप लागली तर पडू नये म्हणून. मोबाईलची बॅटरी कमी, म्हणून गावाकडं उजेड हलला तरच टॉर्च दाखवायचो. सकाळी बोटीनं काढलं. म्हशी आल्या परत, गाय नाही आली, तिच्याबद्दल अजून बोलवत नाही.

पाटोद्याहून:
डोंगरात आग्या मोहोळ उठलं. टॉवेलनं तोंड झाकलं आणि थांबलोच नाही, पळत सुटलो. जवळ विहीर होती पण उडी मारली नाही, माशा पाण्यावर घिरट्या घालत बसतात, डोकं वर काढलं की परत चावतात.

वसमतच्या ताई, एक विचारायचं होतं, सापाचं इंजेक्शन मिळाल्यावर लगेच धोका टळला का?

वसमतहून:
नाही हो. घोणशीचं विष किडनीवर जातं, त्यामुळं लघवी किती होते ते रोज मोजायचे, रक्त परत परत तपासायचे. बरं वाटलं म्हणून कुणी पेशंट लवकर घरी न्यायलं तर नेऊ देऊ नका. आणि गाडी नसली तर १०८ ला फोन लावा, गावाचं नाव सांगताना जवळचा मोठा रस्ता पण सांगा.